कवी कूपरचे खडूचित्र

फळ्यावर लिहून झाले की गुरुजी हात झटकतात, आणि खडूची भुकटी उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसते. तास संपतो, एखादा मुलगा पुढे येऊन फडके फिरवतो, आणि गणित गेले, कविता गेली, सारे पुसून गेले! खडू आणि टिकाऊपणा यांचा संबंध जोडायला कुणी धजणार नाही. पण वाचकहो, आज मी तुम्हांला ज्या चित्राची हकिकत सांगणार आहे, ते चित्र असल्याच भुकटीचे आहे. इ. स. १७९२ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडातल्या एका खेड्यात ते काढले गेले. दोनशे वर्षे उलटून गेली, राजे आले नि गेले, आणि ती भुकटी अजून कागदाला चिकटून आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात ते चित्र आहे. आकाराने फार मोठे नाही. सुमारे साडेबावीस इंच उंच आणि साडेअठरा इंच रुंद.

चित्र आहे विल्यम कूपर या कवीचे, आणि काढणारा जॉर्ज रॉम्नी. पण त्या दोघांकडे वळण्याआधी हे खडूचे काम कसे चालते ते थोडे सांगितले पाहिजे. नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

रंगाची पूड घ्यायची, तिच्यात चुनखडीसारखी किंवा शाडूसारखी पांढरी माती मिसळायची, नावापुरते डिंकाचे पाणी घालून मळायचे, आणि हातावर वळून कांड्या करून वाळवायच्या. डिंक जास्त झाला तर कांडी दगडासारखी होते, कागदावर रंग सोडत नाही. कमी झाला तर बोटांतच भुगा होतो. अशा फिकट-गडद शेकडो कांड्या चित्रकाराजवळ असत. यांनाच पेस्टल म्हणतात. त्या काळचे इंग्रज क्रेयॉन म्हणत. चेहऱ्याची पहिली रेघ बहुधा कोळशाने काढीत. आपल्या चुलीतला कोळसा नव्हे हो, वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या बारीक काड्या बंद भांड्यात जाळून केलेला. त्याचा गुण असा की रेघ चुकली तर पिसाने झटकली की गेली. मग त्या रेघेवर खडू चढवायचा, कुठे बोटाने चोळून मऊ करायचा, कुठे तसाच खरखरीत राहू द्यायचा.

तैलरंगाचे चित्र म्हणजे दीर्घ मामला. थर द्या, वाळू द्या, पुन्हा थर द्या. समोर बसणाऱ्याला दहा वेळा बोलवा. खडूला वाळणे नाही. बसला माणूस की काम सुरू, आणि उठला की बंद. त्यामुळे अठराव्या शतकात इंग्लंडात खडूच्या चित्रांची मोठी हौस होती. फ्रान्सिस कोट्स या चित्रकाराने त्यावरच नाव मिळवले, आणि त्याचा शिष्य जॉन रसेल याने तर १७७२ साली या कलेवर एक पुस्तकच छापले. पण खडूला एक भय कायमचे. त्यावर काच हवीच, आणि गाडीत हादरे बसले तर रंग गळून काचेच्या तळाशी जमणार! म्हणजे ज्याने हे चित्र जपले त्याने खरोखर जपले म्हणायचे.

आता कूपर. नावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहून आपल्याकडे पुष्कळजण ‘कौपर’ म्हणतात. पण त्याच्या घरचा उच्चार कूपर. आपल्या जुन्या इंग्रजी वाचनपुस्तकांतून हा कवी बऱ्याच जणांना भेटलेला आहे. घोडा आवरेना म्हणून गावेच्या गावे ओलांडत जाणारा तो कापडवाला जॉन गिल्पिन आठवतो का? तो ह्या कूपरचाच. निर्जन बेटावर एकट्या पडलेल्या अलेक्झांडर सेल्कर्कची कविताही त्याचीच. आणखी एक धागा सांगतो. वेस्टमिन्स्टरच्या शाळेत त्याचा एक सोबती होता वॉरन हेस्टिंग्ज! पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात ज्याच्याशी आपली गाठ पडली, १७८२ साली साल्बाईचा तह ज्याच्या अमदानीत झाला, तोच. पुढे विलायतेत हेस्टिंग्जवर खटला चालला असता या शाळासोबत्याने १७९२ सालीच त्याची बाजू घेऊन काही ओळी लिहिल्या. हेस्टिंग्जबद्दल आपले मत वेगळे असू शकेल. पण कूपर मित्राला विसरणारा माणूस नव्हता एवढे खरे.

तर हा जॉन गिल्पिनचा कवी विनोदी, हसरा असेल असे तुम्हांला वाटेल. तसे नव्हते. गिल्पिनची गोष्ट त्याला लेडी ऑस्टिन नावाच्या एका स्नेही बाईने १७८२ साली सांगितली, ती त्याच्या मनावरचे मळभ जावे म्हणून. रात्रभर तो अंथरुणात हसत राहिला आणि त्या हसण्यातून कविता झाली. म्हणजे औषध म्हणून दिलेली गोष्ट होती ती.

कूपरचे दुखणे मनाचे होते. सहा वर्षांचा व्हायच्या आतच त्याची आई गेली. बत्तिशीच्या सुमारास, १७६३ साली, पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहात कारकुनाची एक चांगली जागा त्याला मिळत होती. पण त्यासाठी सभागृहापुढे उभे राहून परीक्षा द्यायची होती. चार लोकांत उभे राहून बोलायचे, या नुसत्या धास्तीने त्याचे मन ढासळले. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, तो फसला. सेंट आल्बन्स गावी डॉक्टर कॉटन यांच्या वेड्यांच्या इस्पितळात तो दीड वर्ष होता. त्या काळी वेड्याला साखळदंड आणि फटके हा सर्रास उपचार. पण हा डॉक्टर भला होता, त्याने गोडीने वागवले. बरा होऊन कूपर बाहेर आला आणि अन्विन नावाच्या कुटुंबात राहू लागला. ते गृहस्थ घोड्यावरून पडून वारले. तेव्हापासून त्यांची विधवा मेरी अन्विन हिने कूपरला जन्मभर सांभाळले. ती त्याच्याहून वयाने मोठी. हिच्यावाचून कूपर जगला नसता, असे मी तरी म्हणेन.

१७७३ साली दुसरा झटका आला. स्वप्नात त्याला एक वाणी ऐकू आली आणि देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे असे त्याच्या मनाने घेतले. त्यानंतर चर्चमध्ये जाणे त्याने सोडले. आणि नवल बघा, त्याने रचलेली भजने १७७९ साली छापली गेली आणि गावोगाव लोक ती म्हणू लागले; म्हणणाऱ्यांना धीर येई आणि रचणारा मात्र देवळाबाहेर! त्याने तीन सशाची पिले पाळली, बागेत भाज्या लावल्या, सुतारकाम केले, होमरची महाकाव्ये इंग्रजीत उतरवली. मन कशाततरी गुंतवून ठेवायचे, रिकामे सोडायचे नाही, हा त्याचा नेम.

चित्र म्हणजे काय चीज असते हे कूपरला चांगले ठाऊक होते. १७९० साली एका मामेबहिणीने त्याच्या आईचे जुने चित्र त्याला धाडले. आई जाऊन बावन्न वर्षे झालेली, हा स्वतः अठ्ठावन्न वर्षांचा. त्याने त्या चित्राचे चुंबन घेतले आणि बिछान्याशी अशा जागी टांगले की रात्री शेवटची नजर त्यावर पडावी आणि सकाळी डोळे उघडताच पहिली नजरही त्यावरच. आपल्या घरी देवघरातल्या तसबिरीचे जे स्थान, तेच त्या चित्राचे झाले. त्यावर त्याने लिहिलेली कविता इंग्रजीतल्या उत्तम कवितांत गणतात.

असो. आता १७९२ सालाकडे येऊ. त्या वर्षी विल्यम हेली नावाच्या लेखकाशी कूपरची ओळख झाली. दोघेही मिल्टन कवीवर काम करीत होते. भांडण व्हायचे, त्याऐवजी मैत्री जमली. मे महिन्यात हेली कूपरच्या घरी, वेस्टन गावी, पाहुणा म्हणून आला. तो असतानाच मेरीबाईंना अर्धांगाचा दुसरा झटका आला. कूपर सैरभैर झाला. हेलीने धावपळ करून उपचार केले, धीर दिला आणि जाताना आग्रह धरला की बाईंना घेऊन ससेक्समध्ये आमच्याकडे अर्थम गावी या, हवापालट होईल.

तुम्ही म्हणाल, पाहुणचाराला जाण्यात काय एवढे? पण ज्या माणसाने कित्येक वर्षांत गावाची शीव ओलांडली नाही, ज्याला अनोळखी माणसांची धास्ती, त्याला तीन दिवसांचा गाडीचा प्रवास म्हणजे केवढे संकट! तरी तो निघाला. बाईंच्या प्रकृतीसाठी निघाला. १ ऑगस्टला घर सोडले. बरोबर पंगू झालेली बाई, नात्यातला एक तरुण, नोकरमाणसे आणि बो नावाचा लाडका कुत्रा. ससेक्सच्या टेकड्या चांदण्यात पाहून त्याची छाती दडपली, असे त्याने स्वतःच पत्रात लिहिले आहे. आपल्या घाटमाथ्यावरच्या माणसाला त्या टेकड्या म्हणजे बांध वाटतील. पण सपाटीवर जन्म काढलेल्याला तेवढेही पुरे झाले.

अर्थमला हेलीचा दुसरा पाहुणा होता जॉर्ज रॉम्नी. वय सत्तावन्न. लँकेशरमधल्या डाल्टन गावच्या सुताराचा, कपाटे-पेट्या करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. १७६२ साली बायको-मुले मागे ठेवून लंडनला गेला आणि तिथलाच झाला. इटली पाहून आल्यावर त्याने जे मोठे घर घेतले, तेही योगायोगाने खडूचित्रांचा उस्ताद फ्रान्सिस कोट्स याचेच. सरदार-दरकदार, गोऱ्यागोमट्या स्त्रिया त्याच्याकडे चित्रासाठी रांग लावीत. त्याचे नेहमीचे काम तैलरंगाचे. खडू तो क्वचितच हाती धरी. पण दर साली लंडनच्या कामाने शिणला की तो हेलीकडे विसाव्याला येई, आणि विसाव्याच्या दिवसांत खडूच बरा! रॉम्नीचा स्वभावही मोठा हळवा, मनाने खचणारा. रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याने एकही चित्र कधी मांडले नाही. म्हणजे बघा, चौकटीच्या या बाजूला एक खिन्न माणूस आणि त्या बाजूलाही एक खिन्न माणूस. त्याच मुक्कामात शार्लट स्मिथ ही कादंबरीकार बाईही तिथे होती. रॉम्नीने खडूने तिचेही चित्र काढले. पण नाव झाले ते कूपरच्या चित्राचे.

चित्रात काय आहे? डोक्याला पांढऱ्या मऊ कापडाची टोपी आहे, दुरून पाहिले तर मुंडासे बांधल्यासारखी दिसणारी. त्या काळचे इंग्रज गृहस्थ बाहेर जाताना केसांचा टोप घालीत आणि घरात तो काढून अशी टोपी घालीत. आपल्याकडे पगडी खुंटीला अडकवून माणूस ओसरीवर बसे ना, तसेच ते. म्हणजे रॉम्नीने कवीला दरबारी थाटात बसवले नाही, घरच्या वेषात टिपले. हातात पुस्तक नाही, मागे खांब-पडदे नाहीत. आहे तो चेहरा, आणि त्या चेहऱ्यात डोळे. डोळे मोठे, उघडे आणि बाजूला वळलेले. तो चित्रकाराकडे पाहत नाही, तुमच्याकडेही पाहत नाही. बाजूला काहीतरी आहे, किंवा कुणीतरी बोलले आहे, तिकडे त्याचे लक्ष लागले आहे. ओठ मात्र शांत मिटलेले.

त्याच १७९२ साली इकडे पुण्यात जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणीस यांचे चित्र तैलरंगात काढीत होता. ते चित्रही आता लंडनमध्येच, रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. दोन्ही चित्रांच्या नकला शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. वेल्सच्या चित्रात आधी पेशवेपद दिसते, मोती आणि शिरपेच दिसतात, मग माणूस. रॉम्नीच्या चित्रात माणसाशिवाय दुसरे काही नाहीच.

अर्थमला सगळ्यांना चित्र पसंत पडले. २६ ऑगस्टला कूपरने आपल्या चुलतबहिणीला, लेडी हेस्केथला, पत्र लिहून कळवले की रॉम्नीने माझे चित्र खडूने काढले आहे, आणि इथल्या सर्वांच्या मते त्याचा हात कधी नव्हे इतका चांगला चालला असून चेहरा हुबेहूब उतरला आहे. घरी परतल्यावर त्याने रॉम्नीला उद्देशून चौदा ओळींचे सुनीतही रचले. त्यातला विचार असा: तू केवळ नाकडोळे काढीत नाहीस, मनाचा ठसाही काढतोस, मग माझ्या चित्रात दुःखाची खूण कशी नाही? आणि उत्तरही तोच देतो, की मी हेलीचा पाहुणा होतो आणि तुझ्यासमोर बसलो होतो, तेव्हा दुःख असणार कुठून! आभार मानण्याची किती सुंदर रीत आहे, नाही का? यजमानाचेही आभार आणि चित्रकाराचेही.

पण हेलीने पुढे याच चित्राविषयी जे लिहिले ते वाचले की मनुष्य चपापतो. तो सांगतो की चेहरा न्याहाळताना रॉम्नीला कूपरच्या नजरेत वारंवार काही दिसे, ते त्याला पकडायचे होते. आणि हे सांगताना त्याला कवीच्या भिरभिरत्या, भारलेल्या नजरेविषयीचे शेक्सपिअरचे बोल आठवतात. शिक्षक मंडळींना तो उतारा ठाऊक असेल. त्यात शेक्सपिअरने कवीला एकट्याला बसवलेले नाही. वेडा, प्रेमिक आणि कवी अशा तिघांना एकाच पंक्तीला बसवले आहे. हेलीने कवी म्हटले आणि पंक्तीतल्या पहिल्याचे नाव गाळले. खुद्द रॉम्नीला मात्र हे चित्र म्हणजे आपल्या हातून उतरलेले जिवंत माणसाचे सर्वांत खरे रूप वाटत असे.

पुढचे सगळे दुःखाचे आहे, ते थोडक्यात सांगतो. अर्थमहून परतल्यावर मेरीबाई खंगत गेल्या आणि १७९४ साली कूपरला पुन्हा तेच दुखणे जडले. या वेळी ते उतरले नाही. त्याच साली राजाने त्याला तीनशे पौंडांचे वर्षासन दिले, पण त्याचा आनंद व्हावा असे मन उरले नव्हते. १७९६ च्या डिसेंबरात मेरीबाई गेल्या. १७९९ साली त्याने शेवटची मोठी कविता लिहिली, समुद्रात जहाजावरून पडून एकटा बुडणाऱ्या खलाशावर. २५ एप्रिल १८०० रोजी तो वारला.

आता हेलीने कूपरचे चरित्र लिहायला घेतले. चरित्रात चित्र हवे. त्या वेळी हेलीच्या शेजारी, फेल्फम गावी, एक नक्षीकार कवी येऊन राहिला होता, विल्यम ब्लेक. आज ब्लेकचे नाव हेलीपेक्षा शंभरपट मोठे आहे. तेव्हा तो हेलीने दिलेल्या कामावर पोट भरीत होता. त्याने रॉम्नीच्या खडूचित्रावरून एक छोटी प्रतिकृती केली. ती १८०१ साली लेडी हेस्केथच्या हाती पडली. हीच ती बहीण, जिला कूपरने मोठ्या कौतुकाने चित्राची बातमी कळवली होती. चित्र पाहून बाई हादरली. हे भयंकर आहे, हे छापू नका, जगाला दाखवू नका, असे तिने हेलीला विनवले. तिच्या डोळ्यांना त्यात कवी दिसला नाही. तिचा आजारी भाऊ दिसला. घरच्यांनी आयुष्यभर जे झाकून ठेवले ते कागदावर उघडे पडले आहे, असे तिला वाटले.

तिला हसू नका. घरात असे दुखणे असलेल्या माणसाला तिची विनवणी समजेल. आपल्याकडेही अशा माणसाचे नाव लग्नपत्रिकेतून गाळतात, पाहुणे आले की त्याला माडीवर बसवतात. त्यात लाज असते तशी मायाही असते. लोक टक लावून पाहतील, ते आपल्याला सोसवत नाही. पण हेलीने ऐकले नाही. १८०३ साली चरित्र निघाले, त्यात ब्लेकने ताम्रपटावर कोरलेले रॉम्नीचे चित्र होतेच. माझे मत विचाराल तर हेलीने बरे केले. कूपरने स्वतः आपले दुखणे लपवले नव्हते; १७६३ सालच्या त्या प्रसंगाची कबुली त्याने स्वहस्ते लिहून ठेवली होती.

रॉम्नीचे काय झाले? त्याच्याही मनाची पुढे तीच गत झाली. हात थरथरू लागला, काम सुटले. १७९९ साली तो उत्तरेला केंडल गावी आपल्या बायकोकडे परतला. सदतीस वर्षांपूर्वी ज्या बाईला मागे ठेवून तो लंडनला गेला होता, त्या मेरी रॉम्नीने त्याला घरात घेतले आणि १८०२ साली तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. दोन्ही कथांत सेवा करणाऱ्या बाईचे नाव मेरीच.

शिक्षक बंधुभगिनींनो, या चित्राची छापील नक्कल पुस्तकांतून मिळते. हाती आली तर वर्गात एक करून पाहा. आधी तळहाताने चित्राचा वरचा भाग झाका आणि मुलांना नुसते ओठ आणि हनुवटी दाखवा. हा माणूस कसा आहे ते विचारा. मग हात खाली आणून ओठ झाका आणि नुसते डोळे दाखवा, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारा. कुणी कूपरसारखे उत्तर देईल, कुणी लेडी हेस्केथसारखे. मग दोन्ही हात काढून पूर्ण चित्र मुलांपुढे राहू द्या, आणि तो बाजूला कुणाकडे बघतो आहे ते त्यांनाच सांगू द्या.